खिटी

सकाळी साडेसहाला मी कुलूप काढते
तेव्हा तळघरात कालचा घाम थंड होऊन बसलेला असतो.
आधी यंत्रं पुसायची, मग दांडे.
हा क्रम ग्रोझदानला कधीच पटला नाही.
"पाहुण्यांचं आधी, घरच्यांचं नंतर, असं का गं पेंका?"

पाहुणे म्हणजे ही बारा यंत्रं,
पेर्निकच्या नगरपालिकेनं ट्रकमधून पाठवलेली.
निळ्या गाद्या, पट्टे, कप्प्या,
आणि प्रत्येकाच्या पोटात विटांसारख्या रचलेल्या लोखंडी पाट्या.
भोकात खिटी सरकवली की ठरलं,
तीस म्हणजे तीस.
बसायचं, ओढायचं, सोडायचं.
वाट आखलेली, चुकायची सोय नाही.
"सोफियाची ट्रामसुद्धा याहून जास्त हलते," ग्रोझदान म्हणायचा.

त्याचा जीव त्या कोपऱ्यात,
जिथं फळ्यांखालची जमीन चाळीस वर्षांत बशीसारखी खचलीय.
तिथं दांडा मोकळा.
डावीकडं कलला तर कलला,
धरायला कुणी नाही.
पोरांना तो एकच गोष्ट शिकवायचा, वेगवेगळ्या शिव्या देऊन:
उचलणं कुणालाही येतं,
वर नेल्यावर जे थरथरतं ना,
ते पेला.

झोर्नित्सा तेव्हा चौदाची, पाय काड्यांसारखे.
नुसता रिकामा दांडा डोक्यावर धरून उभी राहिली
आणि तिच्या पोटरीतला, पाठीतला, मानेतला
एकेक स्नायू दार उघडून विचारत सुटला,
काय झालं, काय झालं,
मध्यरात्री धूर आल्यावर शेजारी विचारतात तसा.
मी फरशी पुसायची थांबले होते.

मी स्वतः कधी व्यायाम केला नाही.
मला लोखंड माहीत आहे ते दुसऱ्या बाजूनं:
कोणती केबल कुठं उसवतेय,
कोणत्या कप्पीला मार्चमध्ये गंज चढतो,
पंधरा किलोची कोणती चकती खरी साडेचौदा भरते.
(हे कुणाला सांगितलेलं नाही.
तिच्यावर एकाचा विक्रम आहे.)
बाकी, लोक टाकून जातात त्या चकत्या
रोज रात्री उचलून जागेवर लावते, एवढंच.

गेल्या हिवाळ्यात ग्रोझदान न्हाणीत पडला.
एप्रिलमध्ये आला तो मुलाच्या खांद्याला टेकून,
डावा हात कोटाच्या खिशात,
दुसऱ्या कुणी सांभाळायला दिल्यासारखा.
कोपऱ्याकडं बघत बराच वेळ उभा राहिला.
मी विचारलं, "सहा नंबरवर बसशील?"
आमच्याकडं हो म्हणताना मान आडवी हलते,
नाही म्हणताना वर जाते.
त्याची आता दोन्हींच्या मधे कुठंतरी डुगडुगते.
उत्तर मीच ठरवलं.

पट्टा बांधला. बोटं एकेक करून मुठीभोवती वळवली.
खिटी सगळ्यात वरच्या भोकात. पाच किलो.
पाटी हलली नाही.
मग हलली, करंगळीएवढी,
मग जरा आणखी,
आणि यंत्रानं त्याचा हात
ठरलेल्या वाटेनं नेला, ठरलेल्या वाटेनं आणला,
न हिसकता, न विचारता, तू कोण होतास.
कुठं कललं नाही. थरथरलं नाही.
म्हणजे, यंत्र नाही थरथरलं.

अकरा वेळा.
बाराव्याला त्यानं मला शिवी दिली,
पण अर्धीच बाहेर आली, उजव्या बाजूनं.
उरलेली मी पुरी केली.

तेवढ्यात कोपऱ्यात झोर्नित्सानं दांडा टाकला,
माझ्या बादलीतलं पाणी हललं.
"खांदा घाई करतोय," तो म्हणाला,
मागं न बघता, नुसत्या आवाजावरून,
शब्द एकमेकांना चिकटलेले, तरी तिला कळले.
तिनं पुन्हा खडू चोळला.

त्या रात्री सहा नंबरची खिटी
चुकून माझ्या एप्रनच्या खिशातून घरी आली.
मिरच्यांच्या बरणीशेजारी ठेवली.
शंभर ग्रॅमची असेल, फार तर.
सकाळी विसरायची नाही म्हणून
झोपेतून दोनदा उठून पाहिली.